खांबाच्या बाजूचा ब्रेक

जालन्यातल्या ज्या हॉलमध्ये आम्ही पूल खेळतो, तिथं टेबलाच्या मागं एक खांब आहे. खाली बियाण्या-खतांचं दुकान आणि वर हा हॉल. इमारत बांधणाऱ्याच्या डोक्यात तेव्हा पूलचं टेबल असायचं काही कारणच नव्हतं. खांब आहे तो नेमका त्या टोकाला, जिथून डाव सुरू करतात, आणि तोही डाव्या कोपऱ्याच्या पाठीमागं. त्या बाजूला उभं राहून स्टिक जोरात मागं खेचली की तिचं बूड खांबावर आपटतं. तेवढ्या उंचीवरचा ऑइलपेंट पार उडालेला आहे. नवीन आलेला माणूस एकदोनदा आपटतो, हाताला झिणझिण्या आणून घेतो आणि मग उजव्या बाजूनं मारायला लागतो. आम्ही सगळे उजव्या बाजूनं मारतो, आणि या गोष्टीचा विचार कुणीच कधी केलेला नव्हता.

ही गोष्ट त्या खांबाची आहे आणि माझ्या नवऱ्याच्या खांद्याची. घरात मी यांना ‘अहो’ म्हणते, इथंही ‘हे’च लिहीन. वीस वर्षांची सवय लिहिताना तरी कशाला मोडायची?

आम्ही खेळतो तो प्रकार नाइन-बॉल. नऊ रंगीत बॉल पत्त्यातल्या चौकटीसारखे घट्ट मांडायचे, सगळ्यात पुढं एक नंबरचा पिवळा, मधोमध नऊ नंबरचा. समोरच्या टोकाकडून पांढरा बॉल मारून ती मांडणी फोडायची, हा ब्रेक. त्यात एखादा बॉल पॉकेटात गेला तर खेळ तुमच्याकडंच राहतो, नाही गेला तर समोरचा उठतो. मग लहान नंबरापासून चढत जायचं आणि नऊ नंबर जो घालील, त्याचा रॅक, म्हणजे तो डाव. मी लहानपणी राजूरला ओट्यावर बसून कॅरम खेळलेली बाई. मला हा खेळ समजायला वेळ लागला नाही. एकच फरक मला खटकायचा. कॅरममध्ये सोंगट्या फोडणाऱ्याला कुणी टाळ्या देत नाही.

यांना मात्र टाळ्या मिळायच्या. हे एका रोलिंग मिलमध्ये इंजिनियर आहेत. दिवसभर लोखंडाच्या आवाजात राहायचं आणि संध्याकाळी हॉलमध्ये येऊन स्वतःचा आवाज काढायचा. यांचा ब्रेक म्हणजे सगळं अंग त्या फटक्यामागं. डावा पाय उचलला जायचा, स्टिक हवेत पुढं जायची, आणि खालचा दुकानदार म्हणे आवाजावरून ओळखायचा की इंजिनियरसाहेब आले. बॉल चारी दिशांना पळायचे. कधी दोन जायचे, कधी पांढराच टेबलाखाली उडी मारायचा. काहीही झालं तरी लोक ‘वा’ म्हणायचे.

मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि घरात संध्याकाळ अंगावर यायला लागली, तेव्हा मी एक दिवस यांना आणायला म्हणून हॉलवर गेले. यांनी हातात स्टिक दिली आणि म्हणाले, तू पण मार एक. मी मारला. त्या दिवसापासून मीही जाते. सुरुवातीला हॉलमधल्या पोरासोरांचं बोलणं बंद व्हायचं मी आले की, मग त्यांनाही सवय झाली. आता तर मी एखादा सोपा शॉट चुकवला की तोंडावर हसतात. मला ते आवडतं.

आम्ही दोघं एकमेकांविरुद्ध खेळायचो, तेव्हा यांच्या त्या ब्रेकनंतर टेबलावर जे काही उरायचं ते बघून मी वैतागायचे. दोन बॉल एकमेकांना चिकटून, एक पॉकेटाच्या तोंडाशी अडकून, पिवळा कुठल्या तरी कोपऱ्यात तीन बॉलांमागं लपलेला. हे तोवर बाकावर बसून चहा मागवायचे. आमच्या संसाराचंही असंच आहे. गच्चीवर बाग करू म्हणून एका रविवारी टेम्पोभर कुंड्या आणून टाकल्या. पाणी मी घालते. पोरीला पुण्यालाच पाठवायचं, हे एका संध्याकाळी ठरलं. तिचं हॉस्टेल, तिचा डबा, तिची रोज रात्रीची रडारड, हे सगळं माझ्या वाट्याला. सुरुवात दणक्यात करायची आणि मागं वळून बघायचं नाही, हा यांचा स्वभाव. माणूस वाईट नाही. पण फोडून झालं की आपलं काम झालं, असं यांना मनापासून वाटतं.

मग यांचा खांदा धरला.

साखरेचं निमित्त होतं म्हणे. एक दिवस सकाळी शर्टाच्या बाहीत हात जाईना. दुसऱ्या आठवड्यात केस विंचरता येईनात. डॉक्टरांनी सांगितलं, फ्रोझन शोल्डर आहे, हात रोज चालता ठेवा पण झटका बिलकुल द्यायचा नाही. टेंभुर्णीहून सासूबाईंनी तेल पाठवलं आणि फोनवर यांना राजूरच्या गणपतीला जाऊन यायला सांगितलं. हे चतुर्थीला गेलेही. गर्दीत कुणाचा तरी धक्का खांद्याला लागला आणि दर्शन न घेताच परत आले. मला हसू आलं होतं, पण यांचा चेहरा बघून मी ते गिळलं.

महिनाभरानं एका संध्याकाळी हे हॉलवर गेले. मी बॉल मांडले. यांनी स्टिक मागं घेतली, अर्ध्यावर थांबले, पुन्हा घेतली आणि हळूच खाली ठेवली. बाकावर जाऊन बसले. कुणीतरी म्हणालं, साहेब, ब्रेक मी मारतो, तुम्ही पुढं खेळा. चांगल्या मनानं म्हणाला होता तो. घरी आल्यावर स्टिक तिच्या पिशवीत घालून माळ्यावर टाकली.

मी विचारलं, हे काय?

“ज्याला फोडताच येत न्हाई,” हे म्हणाले, “त्यानं दुसऱ्याचं फोडलेलं खेळत बसायचं का?”

मी वीस वर्षं तेच करत आले होते. पण ते त्या दिवशी बोलले नाही.

तुम्ही म्हणाल, खेळ तो, सुटला तर सुटला. मीही आधी तसंच म्हटलं. पण थोड्याच दिवसांत माझ्या ध्यानात आलं की आम्ही दोघं जे काही बोलायचो ते हॉलवर बोलायचो आणि हॉलवरून पायी घरी येताना बोलायचो. मिलमध्ये काय झालं, कोणावर चिडले, पोरीची काळजी वाटते, हे सगळं त्या रस्त्यावर. घरात फक्त दूध आलं का आणि गॅस कधी लावला एवढंच. आता रस्ता गेला, बोलणंही गेलं. हे टीव्हीचा आवाज बंद करून टीव्ही बघायला लागले. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायामही करेनात. पुढच्या वेळी डॉक्टर रागावले की असंच राहिलं तर खांदा असाच आखडून बसेल. हे मान हलवून आले. मला भीती वाटायला लागली, आणि ती नुसती खांद्याची नव्हती.

म्हणून हॉलच्या बोर्डावर संभाजीनगरच्या स्पर्धेचा कागद लागला आणि त्यात जोड्यांचा खेळ दिसला, तेव्हा मी कुणाला न विचारता आमची दोघांची नावं दिली. या खेळात बाई आणि पुरुष एका बाजूला असतात आणि एकाआड एक मारतात. एकानं ब्रेक मारला की पुढचा शॉट दुसऱ्याचा. ब्रेक कोणी मारायचा ते जोडीनं ठरवायचं. घरी येऊन मी यांना सांगितलं की ब्रेक मी मारीन, तुम्ही फक्त शॉट घ्या, शॉटला खांदा लागत नाही, कोपर लागतं.

हे खूप चिडले. विचारायची पद्धत असते का काही, म्हणाले. मी म्हटलं, टेम्पोभर कुंड्या आणताना मला विचारलं होतं का? त्यावर हे टीव्हीसमोर जाऊन बसले. पण हॉलमधल्या मंडळींनी रस्त्यात अडवून अडवून इतक्या शुभेच्छा दिल्या की नाही म्हणायची सोय राहिली नाही. एवढंच म्हणाले की ही एक स्पर्धा खेळतो, मग ती स्टिक कुणाला तरी देऊन टाकतो. मला स्पर्धा जिंकायची नव्हतीच. मला हा माणूस टेबलापाशी परत उभा करायचा होता.

आता प्रश्न होता माझ्या ब्रेकचा. माझा ब्रेक म्हणजे दारावर कुणी संकोचानं टकटक करावी तसा. यांच्यासारखा मारायला गेले तर पांढरा वाकडा लागायचा आणि निम्मी मांडणी जागची हलायची नाही. हे बाकावर बसून, खांद्याला शेकायची पिशवी लावून, मला शिकवायला लागले. शिकवायला मात्र माणूस उत्तम. जोर विसर, म्हणाले. पिवळ्याला पांढरा समोरासमोर, बराबर मधोमध लागला पाहिजे. चुकीच्या जागी लागलेला जोर नुसता आवाज करतो. मी म्हटलं, हे तुम्ही सांगताय? तर म्हणाले, मला माहीत होतंच की, पण टाळ्या कोण देणार मंग? मला वाटलं होतं हे हसतील, पण हसले नाहीत.

बियाण्यांच्या कंपनीत माझं काम प्रयोगशाळेत. ओल्या कागदावर बी मांडायचं, ठेवून द्यायचं आणि मग कोणतं उगवलं, कोणतं नाही ते बघायचं. बघण्याची मला सवय आहे. मी हळू ब्रेकला लागले आणि बघत राहिले. काही दिवसांनी दिसलं की उजव्या बाजूनं, एका ठरावीक जागेवरून, बेतानं मारलं तर चौकटीच्या कडेचा एक बॉल सरळ कोपऱ्याच्या पॉकेटात जातो. जवळजवळ प्रत्येक वेळी. पिवळाही फार लांब पळत नाही. पुढचा शॉट यांच्यासाठी सोपा राहतो. यांच्या चेहऱ्यावर थोडी जान आली. हे म्हणाले, असल्या ब्रेकवर तर माझी आई पण खेळेल. मी ते कौतुक म्हणून घेतलं.

एका रविवारी सकाळी संभाजीनगरला गेलो. हॉल मोठा, झगझगीत, एअर कंडिशनवाला. टेबलांवर कोरं कापड. मध्ये कुठंही भिंत नाही, काही नाही. खेळ सुरू व्हायच्या आधी पंचांनी सगळ्यांना उभं करून नियम सांगितले, आणि त्यातला एक ऐकून मी यांच्याकडं बघितलं. ब्रेकनंतर, पॉकेटात गेलेले आणि ज्या रेघेमागून ब्रेक मारतात त्या रेघेच्या अलीकडे परत आलेले, असे मिळून किमान तीन बॉल पाहिजेत. नसतील तर ब्रेक धरणार नाही, पुढं कोणी खेळायचं ते समोरच्याच्या मर्जीवर. हळू मारून एकच बॉल घालणाऱ्यांचा बंदोबस्त होता तो. म्हणजे माझाच.

पहिल्या सामन्यात मी आपला हळू ब्रेक मारला. इथं तो कडेचा बॉलही पॉकेटात गेला नाही. आमच्या हॉलचं कापड जुनं, बॉल ठेवून ठेवून त्यात बारीक खड्डे पडलेले, बॉल त्यात बसतात आणि फुटतात ते नेहमी तसेच. इथल्या कोऱ्या कापडावर माझी ती ठरावीक जागा काही कामाची नव्हती. पंचांनी हात केला, समोरची जोडी उठली. दुसऱ्यांदा जरा जोरात मारला, तोही वाया. मग हे उठले. मी नको म्हणायच्या आत स्टिक मागं घेतली आणि हाणला. तोच जुना आवाज. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. बॉल उधळले, पांढरा सरळ पॉकेटात गेला, आणि यांचा चेहरा कागदासारखा झाला. हात पोटाशी धरून बसले.

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. जवळ जाऊन हळू आवाजात सांगितलं, असाच मारायचा असेल तर मी ही चालले बसस्टँडवर, तुम्ही एकटेच खेळा आणि एकटेच टाळ्या घ्या. तो सामना आम्ही जिंकलो, पण त्यात आमचं काही नव्हतं. समोरचे नवरा-बायको आमच्यापेक्षा जास्त भांडत होते.

दुसरा सामना दुपारनंतर होता, शेजारच्या टेबलावर. मधल्या वेळात त्या टेबलावर दुसऱ्यांचा खेळ चालू होता. हे डबा उघडून बसले, डाव्या हातानं घास घेऊन राह्यले होते. मी डबा तसाच ठेवला आणि बघत बसले. दुसरं काही येत नाही मला, बघता येतं. कोण किती जोरात मारतो ते सोडून दिलं. कुठून मारलं आणि काय उगवलं, एवढंच बघितलं. अर्ध्या तासात चित्र स्वच्छ झालं. उजवीकडून मारणाऱ्यांचे बॉल फुटत होते पण पडत नव्हते. डावीकडून मारणारे दोघंच होते, आणि त्यांचा कडेचा बॉल पुन्हा पुन्हा कोपऱ्यात जात होता. त्यातली एक तर माझ्याहून बारीक अंगाची मुलगी होती. फार जोरही लावत नव्हती.

मी यांना म्हटलं, अहो, इथं डावीकडून मारायला पाहिजे.

यांनी टेबलाकडं बघितलं. पोळीचा घास हातातच. अगदी सहज, जणू मी काही भलतंच विचारलं असावं असं म्हणाले,

“तिकडून खांब आडवा येतो.”

मी यांच्याकडं बघत राहिले. मग हळूहळू यांनी मान वर केली. टेबलाच्या मागं बघितलं, डावीकडं बघितलं, पार भिंतीपर्यंत बघितलं. सगळीकडं मोकळी जागा. मला आधी हसू फुटलं. मग यांना. तोंडातला घास सांभाळत, खांदा धरून, हा माणूस इतका हसला की पाणी द्यावं लागलं. कितीतरी महिन्यांत हे हसले नव्हते. आणि खरं सांगायचं तर मीही काही वेगळी नव्हते. सकाळपासून दोनदा ब्रेक मारला होता, दोन्ही वेळा उजवीकडून, कुणी न सांगता. आमच्यासोबत जालन्याहून आलेले बाकीचेही उजवीकडूनच मारत होते. आमच्या हॉलचा खांब आम्ही सगळ्यांनी जालन्याहून इथपर्यंत आणला होता.

दुसऱ्या सामन्यात मी डावीकडून मारायला लागले. सुरुवातीला पाठीत एक गंमतशीर शिरशिरी यायची, आता बूड आपटेल म्हणून. कडेचा बॉल मात्र जायला लागला. एकदा सगळं जमलं, तीन झाले, आम्ही रॅक घेतला. एकदा बॉल पडला पण रेघेच्या अलीकडे कुणी आलं नाही, पंचांनी पुन्हा हात केला. जोर थोडा कमी पडत होता. माझ्याकडं जेवढा होता तेवढा मी लावत होते. समोरची जोडी चांगली होती, शांतही होती. तरी दोन्हीकडं सारखे रॅक झाले आणि शेवटचा एक उरला. ब्रेक आमचा.

मी खडू लावत होते. हे उठले.

मी म्हटलं, नाही. सरळ म्हटलं, पंचांसमोर. तुमच्या हाताचं काही झालं तर मी घरी कुणाला तोंड दाखवू?

हे माझ्या हातातली स्टिक घेत म्हणाले, “मागं खांब आहे असं धरून मारतो.”

मला क्षणभर कळलं नाही. मग हे डाव्या बाजूला जाऊन उभे राहिले, पांढरा ठेवला, वाकले आणि स्टिक मागं घेऊन बघितली. वीतभर घेतली आणि थांबले. आमच्या हॉलमध्ये जिथं बूड खांबाला लागतं, त्याच्या बोटभर अलीकडं. पुन्हा तेवढीच घेतली, पुन्हा तिथंच थांबले. तेवढ्या अंतरात खांदा हलत नव्हता. कोपर हलत होतं, फक्त कोपर. ज्याला सगळं अंग हवेत उडवल्याशिवाय चैन पडायचं नाही तो माणूस एका नसलेल्या खांबाला जपत होता.

मारला. आवाज झाला, पण भिंतींना ऐकू जाईल असा नाही. पांढरा पिवळ्याला समोरासमोर लागला आणि टेबलाच्या मध्यावर येऊन उभा राहिला. चौकट फुटली. कडेचा बॉल कोपऱ्यात गेला. एक रेघेच्या अलीकडे आला, आणखी एक अगदी सावकाश लोळत आला आणि रेघ ओलांडून थांबला. पंचांनी वाकून बघितलं, मान हलवली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. वाजवण्यासारखं काही नव्हतंच त्यात.

यांनी खांद्याला हात लावून बघितला. मग स्टिक माझ्या हातात दिली आणि बाकाकडं न जाता टेबलापाशीच उभे राहिले. मी बघितलं. पिवळा मधल्या पॉकेटाच्या समोर मोकळा उभा होता, आणि पांढऱ्यापासून त्याच्यापर्यंत सरळ वाट होती. तो मुद्दाम तसा ठेवला होता की नशिबानं राहिला, हे मी यांना विचारलं नाही आणि विचारणारही नाही. आजवर यांच्या ब्रेकनंतर मला इतका स्वच्छ शॉट कधी मिळाला नव्हता. मी तो घातला.

त्यानंतर आम्ही एकाआड एक करत सात नंबरापर्यंत गेलो. आठ मी चुकवला. लांबचा होता, पण चुकवायचा नव्हता. समोरच्या बाईनं तो घातला आणि तिच्या नवऱ्यानं नऊ. हरलो. हात मिळवले, डबा पिशवीत भरला. मी आठबद्दल काहीतरी बोलायला लागले तर हे म्हणाले, जाऊ दे, कापड नवीन होतं. नवीन कापडाचा आणि माझ्या चुकीचा काही संबंध नव्हता. पण मी वाद घातला नाही.

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा यांना दिली, म्हणजे गर्दीचा धक्का खांद्याला लागायला नको. बदनापूर मागं पडलं. मी मनात धरूनच चालले होते की ठरल्याप्रमाणे आता स्टिक कुणाला द्यायची ते निघेल. कोणाला द्यावी याची नावंही माझ्या डोक्यात यायला लागली होती, आणि प्रत्येक नावावर मला राग येत होता. शेवटी मीच विचारलं, दुखतंय का?

हे म्हणाले, न्हाई. मग हात वीतभर मागं नेऊन दाखवला. इथपर्यंत काहीच होत नाही, म्हणाले. समोरच्या सीटवरची म्हातारी वळून बघायला लागली.

जालन्याच्या अलीकडची स्टीलची कारखानदारी दिसायला लागली तसे हे माझ्याकडं वळले.

“उद्या हॉलवर जाऊ. खांबाच्या बाजूनं मारून बघतो. तू समोर उभी राहा अन् सांगत जा मला, मी मारल्यावर तुला काय उरून राह्यलंय ते.”